आठवा नट

“काका, बॅटरी नसलेली गाडी तापते का?”

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, मनालीने लावली होती. ती आणि सुवर्णा गॅरेजबाहेर सायकली धरून खिदळत होत्या. मी मात्र सरळ आत घुसले. दहावीत आल्यापासून मी कुणाला घाबरत नाही.

गोरक्षकाकांचं गॅरेज पेठ रोडला आहे. माझ्या आजोबांची फियाट आयुष्यभर त्यांनीच सांभाळली. त्यांनी हात पुसले. “ऊन लागत असंल.”

“शेडमध्ये आहे. आणि बॉनेट गारच असतं. आतला सायलेन्सरचा पाईप तेवढा गरम. मनालीचं बोट भाजलं!”

मला वाटलं, काका हसतील. ते हसले नाहीत. “कधी गरम असतो?”

“सकाळी साडेसातला. नऊपर्यंत निवतो.”

“तू नटांवर तेल सोडत राहा,” एवढंच बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले.

साडेसात ही आजोबांची वेळ. पहाटे मखमलाबादहून झेंडूच्या पाट्या भरून ते पंचवटीच्या फुलबाजारात जायचे आणि बरोबर साडेसातला परत यायचे. दोनदा हॉर्न. मी दात घासता घासता पळत जाऊन फाटकाची कडी काढायची. मग फाटकापासून शेडपर्यंतची वीस पावलं मला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू द्यायचे. मला वाटायचं, गाडी मीच चालवतेय!

दोन वर्षांपूर्वी ते गेले. झेंडूचं शेतही विकलं. तेव्हापासून आईने घरात झेंडू आणलेला नाही, दसऱ्यालासुद्धा शेवंतीच.

आजोबांचं एक काम राहून गेलं होतं. गाडीचा सायलेन्सरकडचा जुना पाईप चिरला होता. नवा, हेडर म्हणतात तो, आणून त्यांनी पोत्यात गुंडाळून ठेवला होता. तो मी बसवणार, असं दिवाळीच्या सुट्टीत जाहीर केलं. पप्पा म्हणाले, “बघ बाई. एक जरी स्टड तुटला, तर सोमवारी गाडी भंगारात. मला रोज तो सांगाडा बघवत नाही.”

स्टड म्हणजे इंजिनात रुतलेले, पाईप धरून ठेवणारे आट्यांचे दांडे. आठ होते, आणि आठांवर गंजलेले नट. काकांनी बजावलं होतं, “जोर केलास की मोडला. मग इंजिनाचं डोकंच उतरवावं लागंल. तेल सोडायचं, इंजिन तापवायचं, निवू द्यायचं, परत तेल. चार-पाच दिवस. सोडायच्या आधी चिमूटभर आवळायचा. टिक् वाजलं की गंज सुटला.”

पण बॅटरी दोन वर्षांपूर्वीच काढलेली. तापवणार कशी? म्हणून मी नुसतं तेल सोडत होते. तापवायचं काम दुसरंच कुणीतरी करत होतं.

मी विज्ञानवाली मुलगी. संध्याकाळी प्रत्येक नटावर मेणबत्तीचा तुकडा ठेवला, नट हलला तर कळावं म्हणून सगळ्यांवर खडूने रेघ मारली आणि शेडला कुलूप लावून किल्ली कंपासपेटीत टाकली. सकाळी कुलूप तसंच. मेण वितळून आट्यांत उतरलेलं. फाटकाची कडी मात्र उघडी. तशी ती रोजच सापडायची, आणि आई मलाच ओरडायची, “किती वेळा सांगितलं, कडी लावत जा!”

त्या दिवशी पहिला नट सुटला. टिक्! मी शेडमध्ये नाचले. काकांना फोन केला तर म्हणाले, “तुझा आजा पण असाच नाचायचा.”

मग रोज एक, कधी दोन. एक गोष्ट मला उशिरा कळली. जो नट सुटायचा, तिथला पाईप दुसऱ्या सकाळी गार असायचा. शनिवारपर्यंत सात निघाले. ऊब आता एका तळहाताएवढ्या जागेत उरली होती.

रविवारी साडेसातला आई-पप्पा ओट्यावर येऊन उभे राहिले. मी आठव्याला पाना लावला.

चिमूटभर आवळला. टिक्. मग सोडला. अर्धा फेरा सहज आला.

पाना काढून हात पुसले. बघते तर खडूची रेघ पुन्हा जागेवर.

परत सोडला. परत रेघ जागेवर.

तिसऱ्यांदा मी पाना उचलला आणि थांबले. नटाच्या बुडाशी झेंडूची एक पाकळी चिकटली होती. गरम पाईपवर, ओली.

मी ती मुठीत धरली आणि ओट्यापाशी गेले.

“तुटला?” पप्पांनी विचारलं.

“नाही. एकही तुटला नाही. म्हणजे गाडी भंगारात जाणार नाही, तुमचाच शब्द आहे. पण आठवा नट मी सोडणार नाही. तो सुटला की ही ऊबही जाईल. हेडर पोत्यातच राहू दे.”

“अगं, मग ती चालणार कशी?” आई म्हणाली.

“आणि उद्यापासून,” मी म्हणाले, “फाटकाची कडी लावायची नाही. आजोबांना रोज खाली उतरून काढावी लागते.”