दोन जास्तीचे पाटे

कराडच्या निवृत्ती लोहारांच्या गॅरेजात त्या दिवशी एक कोडं येऊन उभं राहिलं होतं. कोड्याला दहा चाकं होती. साल होतं दोन हजार पन्नास. ट्रक विजेवर धावू लागले होते, खड्डे मात्र होते तिथेच होते.

ट्रक निवृत्तीआबांच्या लेकीचा, अलकाचा. ती कुंभार्ली घाटातून तो रिकामा कोकणात उतरवायची आणि जांभ्या दगडाचे चिरे भरून वर आणायची. आदल्या दिवशी घाटातल्या एका खडबडीत वळणावर तिने ब्रेक दाबला, तर ट्रक कठड्यापासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. ब्रेक नवे, टायर नवे. गॅरेजच्या गुळगुळीत फरशीवर तर तोच ट्रक शहाण्यासारखा थांबत होता. उद्या सकाळी अलकाला पुन्हा तोच घाट उतरायचा होता, आणि तिची अकरा वर्षांची मुलगी तेजल भीतीने जेवली नव्हती.

गॅरेजात चाचप्या नावाचा यंत्रमानव होता. गाड्या ठोकून, चाचपून बघायचा, म्हणून हे नाव. त्याने तेजलला टेबलावर तळहात दाबून पुढे सरकवायला सांगितलं. हात अडला. मग तळहात जरासा उचलून सरकवायला सांगितलं, तर तो सर्रकन गेला. पहिल्या वेळी हाताला अडवलं ते घर्षणाने (दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणाऱ्या अडथळ्याने).

"ब्रेक थांबवतो चाकाला," चाचप्या म्हणाला. "ट्रकला थांबवतो रस्ता. चाक रस्त्याला टेकलेलंच नसेल, तर रस्ता त्याला धरणार कसा?"

मग अलकाने गॅरेजमागच्या खडकाळ पट्टीवरून ट्रक नेला. चाचप्याने चाकांचं चित्रण करून ते अगदी सावकाश दाखवलं. प्रत्येक उंचवट्यानंतर मागची चाकं बोटभर हवेत राहत होती.

चाक आणि ट्रकचा सांगाडा यांच्यामध्ये निलंबन (धक्का झेलणारी रचना) असतं, असं चाचप्याने समजावलं. या ट्रकमध्ये ते पाट्यांचं होतं, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांचं. उंचवटा आला की पाटे वाकतात, खड्डा आला की चाकाला खाली ढकलतात. आपल्याला वाटतं, हे सगळं पाठ दुखू नये म्हणून. त्याहून मोठं काम चाकाला रस्ता सोडू न देण्याचं. पाटे फार ताठ असले, तर रिकाम्या ट्रकच्या वजनाने ते वाकत नाहीत आणि चाक उडी मारतं.

तेजलने वाकून पाटे मोजले. कंपनीच्या पुस्तकात नऊ, इथे अकरा. वरच्या दोन पाट्यांवर आबांच्या हातोड्याची खूण होती.

अख्खा तालुका ज्यांच्याकडे पाटे बसवायला येतो, त्यांना चूक सांगायची कशी? ती आबांना बाजूला घेऊन गेली आणि हळूच सगळं सांगितलं.

आबांनी ट्रकपाशी जाऊन आपली खूण बोटाने चाचपली. मग म्हणाले, "चिऱ्यांच्या वजनानं पाटा मोडला, तर लेक माझी घाटात अडकंल. म्हणून घातले गं."

पाटे काढायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच ट्रकखाली शिरले. तिथे शॉकअपमधून (पाट्यांची उसळी आवरणाऱ्या नळीतून) तेल गळत होतं आणि पाट्यांच्या पिनांमधलं ग्रीस वाळलं होतं. गिऱ्हाइकांना दर महिन्याला ग्रीस भरा म्हणून दटावणारे आबा घरचाच ट्रक विसरले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जास्तीचे दोन पाटे निघाले, शॉकअप बदलला, पिनांत नवं ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. यापुढे कंपनीने ठरवून दिलेल्या वजनाएवढेच चिरे भरायचे, फेरी वाढली तरी चालेल, असं अलकाने कबूल केलं. ट्रक पुन्हा खडकाळ पट्टीवर नेला, तेव्हा चाकांनी जमीन सोडली नाही. एक दिवस प्रत्येक चाक स्वतःच सांगेल, मी टेकलोय की नाही, असं चाचप्या म्हणाला. तसं चाक आपण बनवायचं, हे तेजलने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन आला. "आबा, उतरले मी घाट," अलका म्हणाली. "वळणावर ट्रक जागीच थांबला."

आबांनी डोळे पुसले. मग तेजलला वही आणायला सांगितली.

"असे जास्तीचे पाटे मी आणखी तेवीस ट्रकांना घातल्यात," ते म्हणाले. "नावं सांगतो, एकेकाला फोन लाव. त्यांची पोरंबी घरी वाट बघत असतील."