वीस मिनिटांची नोंद

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चहा घेताना डॉ. यशोधन अनुयाला म्हणाले, "कमळच्या मुलीची शेवटची नोंद तेवढी राहिलीय. आज जाऊन घेऊन ये." अनुया 'हो सर' म्हणाली आणि कपात बघत राहिली. शेवटचीच काय, त्या मुलीची घरची एकही नोंद तिने कधी घेतली नव्हती.

अलिबागजवळच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर दोन वर्षं अभ्यास चालला होता. बाळ घरी गेलं की दर पंधरा दिवसांनी त्याच्या घरी जायचं, छातीला मऊ पट्टा बांधायचा आणि वीस मिनिटं हृदयाचे ठोके नोंदवायचे. हे काम अनुयाचं. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमीजास्त होत असतं. बाळाची मज्जासंस्था जसजशी तयार होते तसा हा चढउतार वाढतो. तो वाढतोय की नाही, एवढंच बघायचं होतं.

कमळची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. ऑगस्टात घरी सोडली तेव्हा वजन सोळाशे वीस ग्रॅम. घर धरमतर खाडीच्या काठी, मिठागरांच्या पलीकडे. पहिल्या खेपेला गुडघाभर चिखल बघून अनुया अर्ध्या बांधावरून परतली आणि रुग्णालयातली शेवटची नोंदच नवी तारीख घालून तिने संगणकावर पुन्हा चढवली. पुढे चिखल वाळला, पण तोवर सवय लागली होती. बारा खेपा, बारा वेळा तीच नोंद. शेऱ्यात ती लिहायची, 'प्रगती नाही'. काही बाळांची होत नाही. कुणाला शंका आली नाही.

बांधावरून जाताना दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग उन्हात इतके लखलखत होते की डोळ्यांना पाणी येत होतं. कमळ दारातच उभी होती. पंचविशीची, पण खांदे पडलेले. तिने अनुयाकडे नीट बघितलंही नाही.

"या मॅडम. आत हाय."

खाटेवर दुपट्यात एक बाळ होतं. मुठीएवढं डोकं, पातळ, लालसर कातडी. नुकतंच जन्मलेलं असावं असं.

"हे कुणाचं?" अनुयाने विचारलं.

"माझंच. तीच हाय ती."

अनुयाने पिशवीतून वजनकाटा काढला. सोळाशे वीस. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. सोळाशे वीस.

"दूध पिते?"

"पिते व्हय. पन अंगाला लागत न्हाय." कमळचा आवाज खाली गेला. "वजन करायला येतात त्या आशाताई म्हनाल्या, त्यांचा काटा बिघडलाय. सासू म्हनते, माझ्या दुधातच खोट हाय. मी हिला बाहेर न्हाय काढत, मॅडम. लाज वाटते मला."

अनुयाने पट्टा बांधला आणि मांडीवरचा लॅपटॉप उघडला.

रेघ उमटू लागली. चौथ्या मिनिटाला तीन ठोके घाईने पडले. सातव्याला एक लांब उतार आला. अनुया पुढचा प्रत्येक चढ तो येण्याआधीच ओळखत होती. बारा वेळा तिने स्वतःच्या हाताने ही रेघ चढवली होती.

खिडकीशी पाठमोरी उभी असलेली कमळ सहज म्हणाली, "आता शिंकंल."

बाळ शिंकलं. उजवी मूठ उघडली, मिटली.

"असंच करते. पुन्ना पुन्ना. रडत मातूर न्हाय कदी."

वीस मिनिटं संपली. रेघ पुन्हा पहिल्या ठोक्यापासून सुरू झाली.

अनुयाने फोन लावला. बाहेर जाऊन बोलावं असं वाटलं, पण ती रेघेसमोरच बसून राहिली.

"सर, कमळच्या मुलीच्या बाराही नोंदी खोट्या आहेत. मी इथे आलेच नव्हते. एकदाही नाही."

कमळ वळली.

"काय बोलतेस तू?" पलीकडून यशोधन म्हणाले. "इकडे ये, मग बघू."

"आत्ता काढून टाका, सर. आत्ता."

बटणांचा आवाज आला. आणि अनुयाला एकदम वाटलं, थांबवावं त्यांना. या बाळाकडे त्या रेघेशिवाय दुसरं काहीच नसलं तर?

"काढल्या."

रेघ सरळ झाली.

एक सेकंद. दोन. कमळने बाळाच्या छातीवर हात ठेवला.

तीन.

एक ठोका पडला. मग दुसरा, जरा लवकर. मग तिसरा. अनुयाला पुढचा कुठे पडेल ते ठाऊक नव्हतं.

बाळाने तोंड उघडलं आणि टाहो फोडला.

"रडली! रडली माझी बाय!" कमळने पोरीला उराशी घेतलं. पोर गप्प झाल्यावर तिने मान वर केली. "बारा वेळा?"

"बारा वेळा," अनुया म्हणाली.

"आनि मी सा म्हैने माझ्याच दुधाला..." कमळ पाठ फिरवून पोरीला पाजायला बसली.

पुढच्या आठवड्यात मुलगी सतराशे भरली, त्यापुढच्या आठवड्यात अठराशे चाळीस. अनुयाने राजीनामा दिला. सहीसाठी कागद पुढे सरकवत यशोधनांनी विचारलं, "हे एकाच बाळाचं ना?"

"हो, सर," ती म्हणाली.

तीन दिवस तिला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिने दिवेआगरला मधुवंतीच्या घरी फोन लावला. अभ्यासातल्या पहिल्या बाळांपैकी एक तिचा मुलगा. आगरदांड्याला जायचं, फेरीबोटीने दिघीला उतरायचं, पुढे पुन्हा रिक्षा. त्या प्रवासाच्या कंटाळ्यातच अनुयाने पहिल्यांदा जुनी नोंद पुन्हा चढवली होती.

"अय्या, अनुयाताई! कित्ती दिवसांनी!" मधुवंतीचा आवाज आनंदाने भरला. "अजेय ना? छान आहे हो. परवाच दोन वर्षांचा झाला. आमच्या वाडीत सगळे म्हणतात, एवढं गुणी बाळ पाहिलं नाही. रडत नाही, हट्ट नाही. आणि खर्च तर काहीच नाही बघा. तुम्ही रुग्णालयातून दिलेली दुपटी अजून पुरतात त्याला."