भित्र्या माणसांचं पत्र

टोर्नेडो वादळाचा इशारा देणारा भोंगा वाजला तेव्हा ब्रिन ऑडेल सुपरमार्केटात पीच निवडत उभी होती. टल्सा शहरात मे महिन्यात अशी वादळं नेहमीचीच; भोंगा वाजला म्हणून कुणी किंचाळत नाही. मॅनेजरने दोन्ही हात हलवून सगळ्यांना मागच्या कोल्ड रूममध्ये पिटाळलं आणि पंचवीस-तीस माणसं दुधाच्या क्रेटांमध्ये दाटीवाटीने बसली. बाहेर गारा पत्र्यावर ताशासारख्या वाजत होत्या. ब्रिनच्या अंगात बिनबाह्यांचा झगा होता. तिचे दात वाजायला लागले.

"हे घाल," शेजारून कुणीतरी म्हणालं. "रंगाचा वास येईल, पण थंडी वाजणार नाही."

डेनिमचं जुनं जाकीट होतं. देणारीच्या नखांत निळा रंग होता, केस पेन्सिल खुपसून वर बांधलेले होते आणि डोळ्यांत... ब्रिनला त्या डोळ्यांत काय आहे ते पटकन ठरवता येईना.

"पीच घेऊन आलीस वाटतं," ती म्हणाली.

ब्रिनने हाताकडे पाहिलं. खरंच, मुठीत एक पीच होतं. "चोरलं नाही मी."

"मी कुठे तसं म्हटलं? घाबरलं की माणूस मिळेल ते धरतं. ते आजोबा बघ, मांजराच्या खाण्याची पिशवी कवटाळून बसलेत."

"आणि तू काय धरलंस?"

"मी?" तिने मान जराशी तिरकी केली. "अजून काही नाही... शोधतेय."

थंडीने गारठलेल्या ब्रिनचे कान तापले.

तिचं नाव नोएमी सालिनास. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणं हा तिचा धंदा. वीस मिनिटांनी वादळ शहराच्या उत्तरेकडून निघून गेलं. पार्किंगमध्ये हिरवट उजेड पसरला होता आणि गारा पायांखाली कुरकुरत होत्या. नोएमीने केसांतली पेन्सिल खिशात टाकली, पेन काढलं आणि ब्रिनच्या मनगटावर आपला नंबर लिहिला, पाटीवाल्याच्या वळणदार अक्षरात. पुढचे दोन दिवस ब्रिनने ते मनगट नीट धुतलं नाही.

पहिल्या भेटीत, तळलेली भेंडी खाता खाता, एक गंमत उघड झाली. ब्रिन पेनहॅलो बेकरीत कामाला होती. शहरातल्या बऱ्याच घरांत सकाळी पेनहॅलोचाच ब्रेड भाजला जायचा. कंपनी कुठल्या उत्सवांना मदत करणार, हे खातं ब्रिनकडे होतं. आणि समलिंगी लोकांचा जूनमधला प्राइड मेळावा भरवणाऱ्या समितीत नोएमी होती. नऊ वर्षं मुख्य मंच पेनहॅलोच्या नावाचा असायचा आणि ते नाव दर वर्षी नोएमीच रंगवायची.

"थांब जरा," नोएमी म्हणाली. "मागच्या वर्षी पाटीवरच्या 'पी' अक्षराचं पोट फार सुटलंय असं कळवणारी बया... ती तू?"

"...हो."

"तीन दिवस शिव्या घातल्या मी तुला."

"मग आता काय करायचं?"

"काय करणार. भेंडी संपव. बघू."

तीन आठवडे असे गेले की ब्रिनला कॅलेंडर खोटं वाटू लागलं. नोएमीच्या कार्यशाळेत ती तासन् तास बसायची. ब्रश रंगात बुडायचा, डब्याच्या कडेवर निथळायचा, मग एका श्वासात एक रेघ... आणि रेघ पुरी झाली की नोएमी हळूच मागे वळून बघायची, ब्रिनचं लक्ष होतं ना म्हणून. ब्रिनचं लक्ष रेघेकडे कधीच नसायचं.

ऑफिसात मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. ब्रिनने लपवलं असं नाही. शनिवार-रविवार कसा गेला म्हणून कुणी विचारलं की ती हवामानावर बोलायची, एवढंच.

मग राजधानीतल्या एका आमदाराने चित्रफीत काढली. तीत त्याने पेनहॅलोचा आख्खा ब्रेड कचऱ्याच्या डब्यात टाकला. 'आमच्या मुलांच्या डब्यात हे प्राइडचं राजकारण नको,' तो म्हणाला. दोन दिवसांत फोन घणघणायला लागले. दोन गावांच्या शाळांनी ब्रेड घेणं थांबवलं. लेरॉय नावाच्या जुन्या ड्रायव्हरला एका दुकानासमोर लोकांनी गाडीतून उतरूच दिलं नाही.

शुक्रवारी ब्रिनच्या साहेबीणबाई, डोरीन, दार लावून घेत म्हणाल्या, "मंचावरून नाव काढायचं ठरलंय. पत्र तू लिही. सोमवारी जाईल. तोवर कुणाजवळ अवाक्षर नको."

ब्रिनने लिहिलं. 'बदलत्या परिस्थितीत आमच्या अग्रक्रमांचा फेरविचार करताना...' हात आपोआप चालत होता. असं लिहायचाच तिला पगार होता.

रविवारी नोएमी मंचाच्या पाटीवर पेनहॅलोचं नाव भरत होती. "यंदाचं पोट बघ," ती म्हणाली. "कसं आटोपशीर आहे."

"सुंदर आहे," ब्रिन म्हणाली, आणि थंड चहाच्या ग्लासातला बर्फ उगाच ढवळत बसली.

सोमवारी दुपारी नोएमीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ब्रिन जास्तच घाबरली.

"काल तुला माहीत होतं?"

"...होतं."

"तीन तास मी ती अक्षरं भरत होते. तू समोर बसून चहा पीत होतीस."

"मला सांगायची बंदी होती, नोएमी."

"बंदी त्यांनी घातली. गप्प तू बसलीस. आणि पत्र भेकड आहे याचा राग नाही गं आलेला. भीती मलाही वाटते. पण भेकड असून केवढ्या ऐटीत लिहिलंयस... याचा आलाय."

फोन ठेवल्यावर ब्रिनने संगणकावर ते पत्र उघडून पुन्हा वाचलं. दोन दिवस नोएमीने फोन उचलला नाही. बुधवारी ब्रिनने नवं पत्र लिहिलं. सात ओळी झाल्या. डोरीनबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे मी वर नेऊ शकत नाही, पोरी."

"मग मी नेते."

कंपनीचे मालक अमोस पेनहॅलो चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. अजूनही रोज सकाळी पहिल्या भट्टीतला ब्रेड स्वतः तोडून बघायचे. त्यांनी कागद हातभर लांब धरून मोठ्याने वाचला.

"'नऊ वर्षं आम्ही तुमच्याबरोबर उभे राहिलो, कारण तेव्हा उभं राहणं सोपं होतं. यंदा ते अवघड झालं, म्हणून आम्ही निघालो. तुमचं काही चुकलेलं नाही. आम्ही घाबरलो आहोत.'" त्यांनी वर पाहिलं. "याच्यावर मी सही करू?"

"जायचंच असेल तर खरं सांगून जाऊ या, सर. पहिलं पत्र खोटं होतं. मीच लिहिलेलं."

"आणि माझ्या लेरॉयला लोक शिव्या देतायत, त्याचं काय? नाव माझं, शिव्या तो खातोय."

हा प्रश्न खोटा नव्हता. "काल मी त्यांना विचारलं," ब्रिन म्हणाली. "ते म्हणाले, शिव्या देणाऱ्यांना मी ओळखतो, शनिवारी त्यांच्याच घरी आपले बन लागतात. पण त्या बाजूला काही दिवस दोघांना पाठवा, असंही म्हणाले."

म्हातारा कागदाशी चाळा करत राहिला. "आपल्या कंपनीत अशी... म्हणजे, तसली माणसं किती असतील?"

ब्रिनची या कंपनीतली सात वर्षं हवामानावर बोलण्यात गेली होती.

"मला नाही माहीत, सर. एक मी आहे."

खाली ट्रकात ट्रे चढवल्याचा खडखडाट ऐकू येत होता. अमोस पेनहॅलोंनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि तसंच उचललं.

"आम्ही घाबरलो आहोत," ते स्वतःशीच म्हणाले. "नाही. याच्याखाली माझं नाव माझ्याच्याने लिहवणार नाही. पहिलं पत्र मागे घे."

"लोक आणखी ब्रेड फेकतील, सर."

"फेकायला आधी विकत घ्यावा लागतो. जा, आणि लेरॉयबरोबर उद्यापासून दुसरा माणूस दे."

ब्रिन थेट कार्यशाळेत गेली. पाटीवर पेनहॅलोच्या जागी पांढरा पट्टा होता, आणि अर्ध्या पट्ट्यावर एका पुस्तकांच्या दुकानाचं नाव आलं होतं. तिने सगळं सांगितलं, धाप लागल्यासारखं, मधली वाक्यं गाळत. नोएमी ब्रश पुसत ऐकत होती.

"त्यांच्यासमोर म्हणालीस? एक मी आहे, असं?"

"हो."

"हं." ब्रश पुसून कधीच झाला होता, तरी ती पुसत राहिली. "नाव लहान येईल. कोपराच उरलाय."

"चालेल. आणि... मी?"

"तुझं काय?"

"मला माफ करायला किती वेळ लागेल?"

नोएमीने तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच त्या दिवशी. "रंगाचा पहिला हात दिलाय. वाळू दे. घाई केली तर पोपडे येतात." मग तिने पायाने एक स्टूल ब्रिनकडे सरकवलं. "बस. चहा तुझा तू घे."

त्या दोन शाळांचा ब्रेड पुन्हा सुरू झाला नाही. आमदाराने दुसरी चित्रफीत काढली; तीत ब्रेडबरोबर बनही होते. पण लेरॉयच्या सोबतीला जायला पॅकिंगमधले चौघं आपणहून पुढे आले. आणि एके दिवशी हिशेबखात्यातला एक अबोल माणूस ब्रिनच्या टेबलाशी थांबून म्हणाला, "शनिवार-रविवार कसा गेला? हवामान सोडून सांग."

मेळाव्याच्या दिवशी ऊन रणरणत होतं. चौकात वीसेक माणसं विरोधाचे फलक घेऊन उभी होती. त्यांच्यासमोरून हजारो लोक नाचत गेले. मंचाजवळ अमोस पेनहॅलो गवती टोपी घालून आले आणि डोळे बारीक करून कोपऱ्यातलं आपलं नाव शोधू लागले.

"सर, ही नोएमी सालिनास," ब्रिन म्हणाली. "तुमचं नाव हिने रंगवलंय."

"लहान झालंय."

"तुम्ही उशिरा आलात," नोएमी म्हणाली.

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. "ते खरं."

"आणि, सर..." ब्रिन अडखळली. घामाचा एक थेंब मानेवरून हळूच खाली गेला. "आणि माझं हिच्यावर प्रेम आहे."

"बरं," अमोस पेनहॅलो म्हणाले, पीठ वेळेवर आलंय असं कुणी सांगितल्यावर म्हणावं तसं. "मग तिला उन्हात का उभी केलीयस?" आणि ते सरबताच्या तंबूकडे चालू लागले.

नोएमी जागची हलली नव्हती. "हे मला आधी सांगायचं असतं, ब्रिन. म्हाताऱ्याला नंतर."

"तुला सांगायची भीती वाटत होती."

"आणि त्यांना सांगायची नाही वाटली?"

"त्यांच्यासमोर एकदा बोललेय, सवय झालीय."

नोएमी हसली, ओठ आवळून, हसायचं नाही असं ठरवून. तिने ब्रिनचा हात धरला आणि तिला मंचाच्या सावलीत ओढलं. इतकी जवळ, की बँडच्या गोंगाटात कुजबुजही ऐकू यावी.

"आता मला सांग," ती म्हणाली. "सावकाश. माझं लक्ष आहे."

ब्रिनने सांगितलं.