टिटवीला दुखलं त्याची गोष्ट

विमानांना दुखू लागलं, तेव्हापासून अपघात बरेच कमी झाले होते. पत्र्याखाली केसाहून बारीक धाग्यांचं जाळं पसरलेलं असे. त्याला वेदनाजाळं म्हणत. तव्याला बोट लागलं की विचार करण्याआधीच आपला हात मागे येतो ना, तसंच विमानही धोका जाणवताच अंग चोरायचं.

ऋजुता ज्या छोट्या विमानातून जंगलातल्या गावांना औषधं पोचवायची, ती ‘टिटवी’ याच जातीची. खंडेनवमीच्या सकाळी ऋजुताने उड्डाणाआधीची विमानाची तपासणी आटोपली आणि मग तिच्या आईने, इंदुताईंनी, रीतीप्रमाणे टिटवीची पूजा केली. त्यानंतर उडण्यासाठी धावताना टिटवी धावपट्टीबाहेर गेली आणि तिचा उजवा पंख मोडला. ऋजुताला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशीला वेदनाजाळ्याच्या शास्त्रज्ञ डॉ. नाझनीन पटवेकर आल्या.

“काकू, हळदकुंकू कुठे लावलंत?”

“पंखाखाली एक टोक पुढे आलंय ना, तिथे. अक्षताही चांगल्या दाबून लावल्या.”

“ती वेगनळी. समोरची हवा तिच्यात शिरते, त्या दाबावरून वेग कळतो. तिचं तोंड बुजलं. विमान पळत होतं, पण काटा हलेना. ऋजुता वेगाची वाट बघत राहिली आणि पट्टी संपली. पुढे नाला.”



“मला सर्दी झाली की वाफ देऊन नाक मोकळं करायचीस,” ऋजुता म्हणाली, “आणि हिचं बुजवलंस.”

“गप गं. डॉक्टर, मग ही वाचली कशी?”

“टिटवीने स्वतःच ब्रेक लावले. तरी थांबेना, तेव्हा वळून पंख वारुळावर घातला. डोक्यावर काही येताना आपण हात आडवा धरतो, तसा. खूप दुखलं असणार तिला.”

इंदुताईंनी मोडक्या पंखावरून हात फिरवला. “माझी पोर सांभाळलीस गं बाई,” त्या म्हणाल्या. मग वर्षभर देवापुढे दिवा लावताना त्या टिटवीचं नाव घेऊन हेच म्हणत राहिल्या.

पुढच्या खंडेनवमीला नवी टिटवी आली, सोबत डॉ. पटवेकरही होत्या. इंदुताई ताम्हन घेऊन निघाल्या. या खेपेला नळीच्या वाटेला जायचं नाही, कुंकू दारावर लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या जवळ गेल्या आणि गाईच्या पाठीवर माशी बसावी तसा पत्रा थरथरला. विमान हळूच मागे सरकलं.

“हिला तर मी कधी हातही लावला नाही.”

“एकीला दुखलं की सगळ्यांना आठवतं, काकू. पुन्हा कुणाची नळी बुजू नये म्हणूनच ती सोय. दुखण्याआधी तिच्या कॅमेऱ्यांना जे दिसलं तेही राहतं. हे ताम्हन. तुमचा चेहरा.”

“आणि मी आभार मानले, ते?”

“जाळ्यात फक्त दुखणं उतरतं.”

इंदुताईंनी ताम्हन खाली ठेवलं. लांबूनच हात जोडले आणि वर्षभर म्हणत आल्या होत्या तेच पुन्हा म्हणाल्या.

टिटवी आणखी थोडी मागे सरली.