चेतावेग

पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या वेगमर्यादेच्या पाट्या सकाळीच उपटून ट्रकमध्ये टाकल्या होत्या, आणि तात्या सरनाईकांना दिवाळी आल्यासारखं वाटत होतं. सत्तरी उलटली म्हणून सरकारनं त्यांचा परवाना काढून घेतला होता. आज वयाची ती अट रद्द! कुणी किती वेगानं जायचं, ते आता गाडीच ठरवणार. आणि हे यंत्र केलं कुणी? त्यांच्याच लेकीनं, शेजारी बसलेल्या डॉक्टर केतकीनं!

"पण गाडीला कळतं कसं गं?" स्टिअरिंग कुरवाळत त्यांनी विचारलं.

"समोर म्हैस आली, की डोळा मेंदूला सांगतो, मेंदू पायाला सांगतो, मग ब्रेक लागतो. तोवर गाडी आंधळीच धावत असते. तेवढा वेळ हे स्टिअरिंग तुमच्या तळहातांतून मोजतं. वेळ जितका कमी, तितका जास्त वेग मिळणार. तो तुमचा चेतावेग. त्यापुढे गाडी जाणारच नाही. आणि तो ताशी चाळीसच्या आत आला, तर परवाना नाही."

"म्हणजे आज माझा निकाल म्हण की!"

गाडी निघाली, तसा काचेवर आकडा चढू लागला. चाळीस गेले, पन्नास गेले. बहात्तरवर थांबला.

"अगं, बहात्तर! या वयात! उगाच नाही कबड्डी खेळलो मी!" वळणावर गाडी आपसूक दमानं घ्यायची, सरळ रस्ता आला की पुन्हा सुसाट. तात्यांना ओरडावंसं वाटलं, आणि ते खुशाल ओरडले.

पठारावर त्यांनी गाडी थांबवली. "आता तू बस. बघू, बापाला हरवतेस का!"

"गेल्या वर्षी माझा अठ्ठ्याऐंशी होता. मग रुसायचं नाही हं," केतकी हसली.

आकडा चढला आणि एकतीसवर अडला.

"दाब की गं पाय!"

"दाबलाय, तात्या."

तिनं तळहात ओढणीला पुसले, पुन्हा धरले. एकतीसच.

"झोप झाली नसेल तुझी."

"तसं असतं तर थकव्याचा पिवळा दिवा लागला असता. हा उशीर आतला आहे. मेंदूतला." तिचा आवाज बारीक झाला.

"हॅट! यंत्र बिघडलंय तुझं."

"मग तुमचे बहात्तरही खोटे."

"खोटेच आहेत!" तात्या कडाडले. "मला कसले आलेत बहात्तर? परवा कपबशी सुटली हातातून. जिना उतरताना भिंत धरतो मी. म्हातारा झालोय, पोरी! सांग सगळ्यांना, यंत्र चुकतंय म्हणून. मला नको गाडी, नको परवाना."

केतकीनं गाडी थांबवली. उतरली, वळसा घालून आली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"दवाखान्यात जाऊ या, तात्या. तुम्हीच चालवा. तुम्ही लवकर पोचवाल."

तात्यांनी स्टिअरिंग धरलं. देवा, एवढ्या वेळी तरी यंत्र चुकू दे, असं त्यांनी कळवळून मागितलं. आकडा चढत गेला आणि बहात्तरवर येऊन थांबला.