शिंप्याने मान वर केली तेव्हा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. मी त्या हॉलमध्ये हजर होतो, एवढंच सांगतो.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपारचे सव्वातीन वाजले होते.

गोष्ट माझ्या मावसबहिणीची. मी तिला ताई म्हणतो. ताई सिनेमा शिकत होती, शेवटचं वर्ष. परीक्षेसाठी सहा मिनिटांची फिल्म करायची होती. आता नट कुठून आणायचा? तिने घरचाच धरला. काका, म्हणजे तिचे वडील, खरेखुरे शिंपी. फिल्मही शिंप्याचीच. कोट शिवून तयार आहे आणि तो न्यायला कुणी येत नाही. बस्स.

"यात बघण्यासारखं काय गं?" काकांनी विचारलं.

"बाबा, सगळी गंमत न दाखवण्यात असते. दार दाखवायचंच नाही. नुसती पावलं ऐकवायची. तुमचं मशीन चालू, चालू, चालू... आणि एकदम बंद. मग बघा, अख्खा हॉल कान टवकारून बसतो की नाही."

"म्हणजे लोकांना ताटकळत ठेवायचं. हे तर आम्हीही करतो. 'उद्या या' म्हणतो."

अशी त्यांची थट्टा. ताई खूप हसली होती तेव्हा.

शूटिंग काकांच्याच दुकानात. शेवटचा शॉट चाळीस सेकंदांचा. मशीन थांबतं. काका कोटाला बटण लावतात. बाहेर पावलं येतात, निघून जातात. काका दाताने दोरा तोडतात. मान खालीच. शॉट संपला.

पण काकांची मान काही खाली राहीना.

दोरा तोडला की ते वर बघायचे. थेट कॅमेऱ्याच्या शेजारी, जिथे ताई उभी होती तिथे. आणि विचारायचे, "जमलं का गं?"

चाळीस वर्षांची सवय ती. काम झालं की समोरच्याकडे बघून विचारायचं. पण सिनेमात नटाने असं बघितलं की शॉट वाया जातो. एक टेक गेला, दोन गेले... सात गेले.

सातव्याला ताईचा पारा चढला. सगळ्यांदेखत ओरडली ती.

"अहो बाबा, माझ्याकडे काय बघताय सारखं! मी इथे नाहीच असं समजा ना!"

काका कसनुसं हसले.

"अगं, तू समोर आहेस. मग नाहीस असं कसं समजू?"

आठव्या टेकला मात्र त्यांनी मान वर केली नाही.

ताई 'कट' म्हणाली आणि लगेच वळली. उजेड चालला होता आणि कॅमेरा धरणारा तिचा मित्र, लंबू, वायरीत पाय अडकवून बसला होता. तिच्या पाठीमागून काकांनी विचारलं, "जमलं का गं?"

तिने ऐकलं. उत्तर द्यायचं राहून गेलं.

त्याच संध्याकाळी कॅमेऱ्याच्या कार्डवर जागा हवी म्हणून तिने आधीचे सातही टेक पुसून टाकले. फुकट गेलेले टेक कोण ठेवतं?

अकराव्या दिवशी काका वारले. दुकानातच. हातात सुई होती.

त्यानंतर ताईने ती फिल्म कशी जोडली, तिचं तिला माहीत. तो शॉट आला की ती हुंदके द्यायची. "सात वेळा बघितलं होतं रे त्यांनी माझ्याकडे. सातही मीच पुसले."

एकदा लंबूने त्या शॉटच्या शेवटचा सगळा आवाज काढून टाकला. पावलं गेल्यावर हॉलमध्ये पूर्ण शांतता हवी होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ सपाट झाली. काही म्हणजे काही नव्हतं तिथे.

तरीही...

टक्.

दोरा तुटला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लंबूने स्पीकर बंद केले. शॉट पुन्हा लावला.

टक्.

"जुनी इमारत आहे," लंबू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

मग परीक्षेत फिल्म दाखवायचा दिवस आला. सव्वातीनला हॉलमधले दिवे मालवले. मी आणि मावशी तिसऱ्या रांगेत. ताईला बसवेना, म्हणून ती पार मागे दाराशी उभी राहिली. मशीन चालू, चालू... आणि बंद. खरंच सांगतो, सगळा हॉल पुढे झुकला. पावलं आली. गेली.

काकांनी दोरा तोडला...

आणि मान वर केली.

आमच्याकडे नाही. आमच्या डोक्यांवरून पार मागे. मी वळून पाहिलं. तिथे ताई होती.

मावशीने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले.

परीक्षक खूश. "शेवटी नटाला थेट प्रेक्षकांकडे बघायला लावलंस. नियम मोडायला धाडस लागतं!" ताई तडक घरी गेली. फिल्म लावली, तर काकांची मान खालीच. दहा वेळा लावली. खालीच.

चार दिवसांनी कॉलेजच्या मुलांसाठी तीच फिल्म दाखवली. या वेळी ताई मुद्दाम पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसली. मी तिच्या शेजारी.

काकांनी मान वर केली. एक क्षण नजर मागच्या दाराकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. मग ती नजर रांगांवरून हळूहळू फिरत खाली आली, काहीतरी हरवल्यासारखी... आणि डाव्या टोकाला थांबली.

"जमलं का गं?"

ताई ताडकन उठली. भर हॉलमध्ये, रडत, मोठ्याने म्हणाली,

"जमलं बाबा! खूप छान जमलं!"

काकांनी मान हलवली. कोटावरून एकदा हात फिरवला आणि मान खाली घातली. फिल्म संपली.

त्यानंतर ती फिल्म कितीतरी ठिकाणी दाखवली. ताई प्रत्येक वेळी गेली. कधी पुढे बसली, कधी मागे, कधी अगदी पडद्याखाली.

काकांनी पुन्हा मान वर केली नाही.

मी आजही तो शॉट आला की पायांकडे बघत बसतो. काय झालं ते मला कळलेलं नाही, आणि कळायला नको असंही वाटतं.

परवा ताई घरी तीच फिल्म लावून बसली होती आणि मावशी तिला समजावत होती. "तू उत्तर दिलंस, ते सुटले. आता तेही नाहीत असं समज बाळा."

ताईने पडद्यावरून नजर काढली नाही.

"ते समोर आहेत आई. मग नाहीत असं कसं समजू?"