मेलेल्याची शेपटं

ओळ भरली नाही, की शब्दाला शेपूट लावायचं. ओळ उतू जायला लागली, की शेपूट छाटायचं. थर्लच्या छापखान्यात, आणि लंडनमधल्या झाडून सगळ्या छापखान्यांत, हाच रिवाज होता. 'गो' दोन अक्षरांत बसायचा, हवं तर मागे एक 'ई' जोडून तीन अक्षरांत. 'विल'ला एक 'एल' पुरायचा, दोन लावले तरी कुणी हटकायचं नाही. पाद्री एक लिहायचा, त्याची बायको दुसरं, आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा तिसरंच छापायचा. शब्द वाचता आला म्हणजे झालं. एकाच पानात एकच शब्द दोन तऱ्हांनी आला म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

थर्लच्या जुळाऱ्याचं, गिडियन फॅरोचं बिघडलं. त्याला फासावर लटकवलं.

गिडियनला शेपटांचा शौक होता. ओळीत जागा असो नसो, तो 'ई' लावायचा. "शब्द कसा अंगभर कपड्यांत बरा दिसतो," म्हणायचा. राजा गादीवर परत आल्यावर गावात राजाविरुद्ध चोरून पत्रकं फिरायला लागली. त्यातलं एक थर्लने आणलं, थर्लने गिडियनपुढे टाकलं, आणि "दुपारपर्यंत जुळव" हेही थर्लनेच सांगितलं. झडतीवाले आले तेव्हा मात्र याच थर्लने बायबलावर हात ठेवला. मला काही ठाऊक नाही, म्हणाला. माझ्या पाठीमागे गिडियनने केलं. बघा ना, ही शेपटं त्याचीच.

हेस्टर, गिडियनची बायको, कोर्टात ओरडली होती. "अहो साहेब, शेपटावरून माणूस ओळखतात होय? ज्याला जसं सुचेल तसं तो लिहितो! माझा नवराच एका ओळीत एक लावतो, दुसरीत दुसरं!"

न्यायाधीश हसला. खदाखदा नव्हे, नाकातल्या नाकात. "बाई, गाईला तिच्या शेपटावरून गवळी ओळखतो," म्हणाला. सगळं कोर्ट हसलं. त्या हसण्यात तिचा नवरा गेला.

पुढे थर्लने तिला निरोप धाडला. गिडियनची जागा रिकामी आहे, तुला जुळणी येते, ये. छापखान्याभोवतीचा सगळा स्मिथफील्ड बाजार म्हणाला, काय मोठ्या मनाचा माणूस! हेस्टर मुकाट्याने गेली. पोटासाठी गेली असं लोकांना वाटलं. तिला थर्लच्या गळ्याजवळ राहायचं होतं, एवढंच. त्याच कोर्टात, त्याच तोंडाने, "गिडियन निर्दोष होता" हे तिला ऐकायचं होतं. ते कसं घडवायचं याची तिला काडीचीही कल्पना नव्हती. पण ते ऐकल्याशिवाय ती मरणार नव्हती.

छापखान्याच्या खिडकीखालून बाजाराला जाणारी गुरं हंबरत. रक्ताचा, शेणाचा आणि खिळे धुवायच्या खारट पाण्याचा वास एकमेकांत मिसळून भिंतीत मुरलेला. हेस्टर गिडियनच्या केससमोर, खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर, उभी राहिली. त्याच्या बोटांनी झिजलेले खण. 'ई'चा खण सगळ्यात झिजलेला.

पहिलं काम होतं मुरंबे आणि लोणच्यांचं पुस्तक. तिने एक पान जुळवलं. तिची स्वतःची तऱ्हा साधी. बापाने शिकवलेली, ना शेपूट ना झालर. छापाचं पहिलं पान दुसऱ्या जुळाऱ्याने, अँब्रोज पीकने, तपासायला घेतलं. थर्लच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. दारातून आलेला माणूस त्याला कळे, अक्षर कळत नसे. त्यामुळे तपासणी अँब्रोजची.

अँब्रोज सतत बिअरच्या आणि बायकोच्या तक्रारी सांगणारा माणूस. तो बोलता बोलता थांबला.

"बाई," तो हळू म्हणाला, "चेष्टा करायला दुसरं काही सापडलं नाही का?"

कागदावर सगळीकडे शेपटं होती. 'गो'ला, 'डू'ला, साखरेला, लिंबाला. अंगभर कपडे घातलेले शब्द.

"काय झालं रे?" थर्लने आतून विचारलं.

"गिडियनची शेपटं आलीत, मालक. हिच्या पानात."

थर्ल भिंत चाचपत बाहेर आला. चेहरा पिठासारखा पांढरा. "माझ्या छापखान्यात मेलेल्याची शेपटं नकोत! ऐकलंस? काढून टाक एकेक!"

"काढते," हेस्टर म्हणाली. नवऱ्याशेजारी बसून जुळणी शिकलेला हात, सवयीने वळला असेल, असं तिला वाटलं. ती खिळ्यांवर वाकली. उलट्या ओळी वाचायची तिला सवय होती. तिने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, सगळं पान वाचलं.

खिळ्यांमध्ये एकही शेपूट नव्हतं.

तिने नखाने चाचपलं. शिसं गार, घट्ट, ओळ काठोकाठ भरलेली. त्यात एक खिळासुद्धा जादा बसला नसता. आणि कागदावरची ओळ तेवढ्याच लांबीची, तरी तिच्यात चार अक्षरं जादा. ना दाटी, ना आखूडपणा. जणू कागदावर त्यांच्यासाठी आधीच जागा राखून ठेवली होती.

"काढली," ती म्हणाली.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिने तो कागद घडी करून चोळीत ठेवला. महिनोन् महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर झोप लागली.

मग अँब्रोजच्या पानात शेपटं आली.

"तू माझ्या खिळ्यांना हात लावलास!"

"माझे हात इथे आहेत, अँब्रोज. बघ. शाईसुद्धा नाही लागलेली."

"मग कोणी लावली? माझ्या आजीने?"

त्याने तिच्यादेखत खिळे तपासले, स्वतः शाई लावली, स्वतः छापयंत्राचा दांडा ओढला, कागद सोलून काढला. दोघांनी वाकून पाहिलं. अँब्रोजच्या ओठांवरचा विनोद तिथेच सुकला. त्याने ॲप्रन काढलं, खुंटीला लावलं, आणि पुन्हा काढून काखेत मारलं.

"मी चाललो माझ्या भावाकडे नॉरिचला. तूही जा कुठेतरी, बाई."

"कोर्टात तोंड शिवून बसला होतास ना? पत्रक कोणी आणलं हे तुलाही ठाऊक होतं. तेव्हा नाही सुचलं जायचं?"

अँब्रोज तरातरा जिना उतरला. खालच्या गुरांतून वाट काढत तो गेला, मागे न बघता.

मुरंब्याचं पुस्तक विकलं गेलं. घेणाऱ्यांना काही खटकलं नाही. कुणाला खटकणार? जो तो हवं तसं लिहीत होता. पण गावातले छापखानेवाले मूर्ख नव्हते. फासावर गेलेल्याची तऱ्हा थर्लकडून अजून बाहेर पडतेय, ही कुजबुज बिअरच्या दुकानांतून फिरली आणि झडतीवाल्यांच्या कानापर्यंत गेली. एकाने येऊन थर्लला सहज विचारलं, "इथे जुळणी कोण करतं हल्ली?"

थर्ल त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ठरवलं: राजनिष्ठेचं जाहीर पत्रक काढायचं. मी, जोसाया थर्ल, राजाचा चाकर, फितुरांचा वैरी वगैरे वगैरे. स्वतःच्या हाताने जुळवायचं. मजकूर डोक्यात होता आणि खण बोटांना पाठ होते; डोळ्यांची गरजच नव्हती.

"तू फक्त शाई लाव," तो हेस्टरला म्हणाला. "खिळ्यांना शिवायचं नाही."

"नाही शिवत, मालक."

थर्लची तऱ्हा कंजूष. तो शेपूट कधी लावायचा नाहीच, उलट मिळेल ते अक्षर वाचवायचा. 'विल'चा एक 'एल', 'शाल'चा एक 'एल'. शिसं वाचतं, कागद वाचतो, म्हणायचा. त्याचा हात खणांवरून उंदरासारखा पळत होता. हेस्टर शेजारी उभी राहून उलट्या ओळी वाचत होती. एकेक ओळ. सगळी थर्लची. हाडं निघालेले शब्द.

तिने शाई लावली. त्याने दांडा ओढला. तिने कागद सोलला.

"नीट आलंय?" थर्लने विचारलं.

हेस्टर कागदाकडे पाहत राहिली. ओल्या काळ्या अक्षरांत गिडियन होता. डोक्यापासून पायापर्यंत.

"बहिरी झालीस का? वाचून दाखव."

तिने मोठ्याने वाचलं. स्वच्छ, ठाशीव, चर्चमध्ये वाचतात तसं. थर्ल मान डोलवत ऐकत होता. शेपूट तोंडाने ऐकू येत नाही. 'गो'ला 'ई' असला काय, नसला काय, कानाला 'गो'च.

"शाबास," थर्ल म्हणाला. "सगळ्या चौकांत लाव."

तिने लावली. पाऊस आला तर निघू नयेत म्हणून खळ जरा जाडच घेतली.

झडतीवाले दुपारी आले.

कोर्ट तेच होतं. न्यायाधीश तोच. त्याच्यापुढे दोन कागद ठेवले होते, जुनं फितुरीचं पत्रक आणि नवं राजनिष्ठेचं. शेपटाला शेपूट जुळत होतं. फॅरो तर मातीत गेला. मग हा हात कोणाचा?

"मी आयुष्यात कधी शेपूट लावलं नाही!" थर्ल ओरडत होता. "विचारा कुणालाही! ज्याला जसं सुचेल तसं तो लिहितो, साहेब, त्यावरून माणूस ओळखतात होय?"

न्यायाधीश नाकातल्या नाकात हसला. मग त्याने हेस्टरला पुढे बोलावलं.

"हे पत्रक थर्लने स्वतः जुळवलं?"

"हो. माझ्या डोळ्यांदेखत."

"दुसऱ्या कुणाचा हात लागला?"

"नाही."

"मग शेपटं याचीच?"

सगळं तिच्या जिभेवर होतं. नाही म्हटलं, शेपटावरून माणूस ठरत नाही असं म्हटलं, तर ते गिडियनसाठीही खरं होतं. मागच्या वेळी ती हेच ओरडली होती. आज तेच शांतपणे सांगितलं तर हे ऐकतील. आज दोन कागद आहेत. गिडियनचं नाव धुऊन निघेल.

आणि थर्ल घरी जाईल. संध्याकाळी मटणाचा रस्सा खाईल.

थर्ल पिंजऱ्यातून तिच्या दिशेने पाहत होता. त्याच्या पांढुरक्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. "हेस्टर," तो म्हणाला, "अगं, तुला ठाऊक आहे. तू सांग ना त्यांना."

"गाईला गवळी ओळखतो, साहेब," हेस्टर म्हणाली. "इथेच ठरलंय ते. शेपटं याचीच."

निकालाला वेळ लागला नाही. न्यायाधीश उठायच्या आधी तिने विचारलं, "मग माझा नवरा निर्दोष होता ना, साहेब? एवढं बोला."

न्यायाधीशाने केसांचा टोप सारखा केला. "दोघे सामील असतील," म्हणाला, आणि जेवायला गेला.

थर्ल लटकला त्या दिवशी ती बघायला गेली. परतताना तिला वाटलं होतं, काहीतरी हलकं होईल. बूट तेवढेच जड होते.

छापखाना दुसऱ्याने घेतला आणि हेस्टरला ठेवलं. तिथे पुन्हा शेपटं आली नाहीत. तिने पानामागून पान जुळवलं, प्रत्येक कागद आशेने सोलला. साधे, नीट शब्द. तिचेच. गिडियन गेला होता.

मग एका सकाळी, मालक बाजारात गेलेला असताना, तिने स्वतःसाठी एक कागद छापायला घेतला. कुणी बोललं नाही ते आपणच बोलायचं. गिडियन फॅरो, जुळारी, निर्दोष होता. एवढंच. भिंतीला लावायला.

या खेपेला तिने मुद्दाम शेपटं लावली. जिथे बसतील तिथे, त्याला आवडायची तशी, अंगभर. 'ई'चा खण रिकामा होत आला. तिने उलट्या ओळी दोनदा वाचल्या. सगळी शेपटं जागेवर होती.

तिने शाई लावली. दांडा ओढला. कागद सोलला.

एकही शेपूट नव्हतं.

शेपटांबरोबर इतर अक्षरंही गेली होती. जिथे दोन हवीत तिथे एक. गिडियनच्या आडनावातलंसुद्धा एक अक्षर कुणीतरी वाचवलं होतं. ओळ मात्र काठोकाठ भरलेली, मध्ये कुठे फट नाही. हाडं निघालेले शब्द, शेजारी शेजारी.

मागे केसच्या खणांवरून काहीतरी उंदरासारखं पळालं.

हेस्टरने वळून पाहिलं नाही. तिने कागद दोन्ही हातांनी धरला, डोळे घट्ट मिटले आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. स्वच्छ, ठाशीव.

ऐकायला सगळं जागच्या जागी होतं.